दुसऱ्याच्या नावावरचा आजार

सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनी पोटावरून प्रोब दोनदा फिरवला आणि हातातला कागद पुन्हा वाचला. कागद तीन वर्षांपूर्वीचे डिस्चार्ज कार्ड होते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने रुग्णाचे पित्ताशय काढल्याची नोंद त्यावर स्पष्ट होती. पडद्यावर मात्र पित्ताशय दिसत होते. सुजलेले, जाड भिंतीचे, खड्यांनी भरलेले. पोटावर बेंबीपाशी किंवा बरगडीखाली टाक्याचा एकही व्रण नव्हता.

रुग्ण सेहेचाळीस वर्षांचा शेतकरी. आठ दिवस उजव्या बरगडीखाली दुखत होते, अधूनमधून ताप येत होता. तालुक्याच्या रुग्णालयात दोनदा दाखवून झाले होते. घरातले सगळे दवाखान्याचे कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायची पद्धत असते, तशीच त्यांच्या पत्नीने पिशवी पुढे केली होती. तिथल्या डॉक्टरांनी डिस्चार्ज कार्ड पाहिले आणि पित्ताशयाचा विचार मनातून काढून टाकला. अवयवच नाही, तर तो सुजणार कसा? ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या गेल्या. दुसऱ्या खेपेला गोळ्या बदलल्या.

जिल्हा रुग्णालयात सोनोग्राफीनंतर पुन्हा विचारणा झाली, तेव्हा नवरा गप्प राहिला. बाई बोलल्या, "साहेब, ते ऑपरेशन ह्यांचं नव्हतं. भावजींचं होतं. त्यांचं नाव कार्डावर चढलं नव्हतं, म्हणून ह्यांच्या नावावर केलं."

धाकटा भाऊ वेगळा राहू लागला, जुन्या रेशन कार्डावरून त्याचे नाव कमी झाले आणि नव्यावर चढायचे राहून गेले. त्यातच त्याचे पोट दुखू लागले. दोघांची चेहरेपट्टी सारखी, वयात तीन वर्षांचे अंतर. थोरल्याने आपले कार्ड काढून दिले. फसवणूक म्हणावी असे काही त्यात कोणाच्याही मनात नव्हते. भावाचा जीव वाचत होता, कार्ड पडूनच होते. आठ दिवस बाईंना खरे माहीत होते, पण बोललो तर कार्ड रद्द होईल ही धास्ती होती.

ओळखीची चोरी म्हटली की डोळ्यांसमोर बँकेचे खाते येते. ओटीपी, लिंक, रिकामे झालेले बचत खाते. पैशाचे नुकसान निदान लवकर लक्षात येते. पासबुक ते सांगते. पण आजारपणाच्या कागदावरची ओळख बदलली, तर ते सांगणारे पासबुक कुठेच नसते. ती चूक फायलीत वर्षानुवर्षे पडून राहते आणि माणूस पुन्हा आजारी पडेल त्या दिवशी समोर येते. नेमका तोच दिवस असा असतो की, रुग्णाला नीट बोलता येत नसते आणि डॉक्टर कागदावर विसंबलेले असतात.

वैद्यकीय ओळखचोरी हा शब्द अमेरिकेत गेल्या वीस वर्षांत रुळला. २००६ मध्ये तिथल्या युटा राज्यातले एक प्रकरण गाजले. एका बाईचा वाहन परवाना चोरीला गेला. तो दाखवून दुसरीच बाई प्रसूत झाली. बाळाच्या तपासणीत अमली पदार्थाचा अंश सापडला आणि बालकल्याण खात्याची माणसे पहिल्या बाईच्या दारात उभी राहिली, तिची स्वतःची मुले ताब्यात घेण्याच्या तयारीने. आपल्याकडे चित्र थोडे वेगळे आहे. इथे परवाना बहुतेक वेळा चोरावा लागत नाही. घरातलाच कोणीतरी तो प्रेमाने हातात ठेवतो.

हे फक्त गरिबांच्या घरात होते असेही नाही. पुण्या-मुंबईत चांगल्या पगारावर असलेला मुलगा आपल्या मेडिक्लेमवर मामाला दाखल करतो. मामा मधुमेही. केसपेपरवर भाच्याचे नाव, भाच्याची जन्मतारीख आणि मधुमेहाची नोंद. पुढे भाच्याचा स्वतःचा दावा येतो, तेव्हा कंपनी जुनी नोंद काढून म्हणते की तुम्ही आधीचा आजार लपवलात. आता त्याने काय सांगायचे? खरे सांगितले तर पूर्वीचा दावा खोटा ठरतो. खोटे रेटले तर आताचा दावा जातो.

शरीराला धोका नेमका कुठे होतो, हे जरा तपशिलात पाहायला हवे. लोकांच्या मनात पहिली भीती रक्तगटाची असते: जुन्या कागदावर दुसऱ्याचा गट लिहिलेला असेल आणि चुकीचे रक्त चढेल. ही भीती बरीचशी अनाठायी आहे. रक्तपेढी कागदावर विश्वास ठेवत नाही. दरवेळी नवा नमुना घेऊन गट तपासते आणि द्यायचे रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळवून पाहते. जुना गट आणि नवा गट जुळला नाही, तर सगळे थांबते, कारण नमुन्याच्या बाटलीवर भलत्याच रुग्णाचे नाव पडले असेल अशी शंका येते. पुन्हा नमुना, पुन्हा तपासणी. रक्तस्राव चालू असलेल्या बाईसाठी तो अर्धा-पाऊण तासही फार महाग असतो, पण चुकीचे रक्त सहसा जात नाही.

खरा धोका जे पुन्हा तपासले जात नाही, त्यात आहे. पेनिसिलीनची ॲलर्जी हे सर्वांत साधे उदाहरण. ती बहुतेक वेळा विचारून आणि जुना कागद बघून ठरते. कागद दुसऱ्याचा असेल, तर जीवघेणी ॲलर्जी असलेल्या माणसाच्या नावापुढे ‘काही नाही’ असे लिहिलेले असू शकते. तसेच जुन्या शस्त्रक्रियांचे. अपेंडिक्स काढल्याची नोंद असेल, तर उजव्या बाजूच्या पोटदुखीत डॉक्टर दुसरीकडे शोधत बसतात. वर सांगितलेल्या शेतकऱ्याचे तेच झाले. बरगडीखालचे दुखणे, ताप, खडे हे चित्र एरवी वैद्यकीच्या विद्यार्थ्यालाही ओळखता आले असते.

बाळंतपणात दुसऱ्याचे नाव लावण्याचे प्रकार अजूनही होतात. नणंदेच्या किंवा जावेच्या नावाने नाव नोंदवले जाते, कधी वय लपवायला, कधी कागद अपुरे म्हणून. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल, तर प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत आईला अँटी-डी इंजेक्शन द्यावे लागते. ते राहिले, तर आईच्या शरीरात पुढच्या बाळाच्या रक्तपेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ शकतात; पुढचे बाळ तीव्र कावीळ आणि रक्तक्षय घेऊन जन्माला येऊ शकते, कधी पोटातच दगावते. गरोदरपणाच्या कार्डावर जुना गट बघून उतरवण्याची सवय काही ठिकाणी आहे. ती वाईटच आहे, पण आहे. जावेचा ‘ओ पॉझिटिव्ह’ अशा वेळी निगेटिव्ह आईच्या कार्डावर जाऊन बसतो.

त्याच बाळंतपणाचे दुसरे टोक बाळाच्या जन्मदाखल्यात निघते. रुग्णालय जन्माची माहिती केसपेपरवरून पाठवते. आईच्या रकान्यात काकूचे नाव लागते. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर, त्या तारखेला किंवा नंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखला हाच मुख्य पुरावा आहे. म्हणजे त्या मुलाची आई कागदावर कायमची काकूच.

आणि मृत्यू. उसन्या नावावर दाखल झालेला रुग्ण दगावतो, तेव्हा वॉर्डात जे घडते ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको. मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र केसपेपरवरच्या नावाने तयार होते. ज्याचे कार्ड वापरले तो माणूस बाहेर बाकावर बसलेला असतो, आणि कागदावर तो मेलेला असतो. त्याचे रेशन, पेन्शन आणि आधार या दाखल्यामुळे अडू शकतात. जो खरोखर गेला, तो कागदावर जिवंतच राहतो. त्याच्या बायकोला विधवा पेन्शन मिळत नाही, सातबारावर वारस लागत नाही. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १५ प्रमाणे चुकीची नोंद दुरुस्त किंवा रद्द करता येते. पण ती सिद्ध करायची म्हणजे आधी आपण फसवणूक केली, हे लेखी द्यायचे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१९ नुसार तोतयेगिरी करून फसवणूक केल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बरीच कुटुंबे या भीतीने गप्प बसतात आणि गुंता मुलांच्या पिढीवर टाकतात.

इथवर झाले उसने दिलेल्या ओळखीचे. चोरून नेलेल्या ओळखीचा धंदा याच वाटेने चालतो, फक्त त्यात प्रेम नसते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या योजनांत एका कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. रक्कम कुटुंबाची सामाईक असते. तुमच्या नावावर कोणी न झालेली शस्त्रक्रिया दाखवली, तर ती रक्कम तुमच्या पाच लाखांतून वजा होते, आणि न झालेला आजार तुमच्या नावावर चढतो तो वेगळाच. आयुष्मान योजनेवरच्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात, जो ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत मांडला गेला, साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थी ९९९९९९९९९९ या एकाच मोबाइल क्रमांकाला जोडलेले आढळले. पात्रता ठरवताना मोबाइल क्रमांक वापरला जात नाही, असे सरकारचे उत्तर होते. ते मान्य केले तरी प्रश्न उरतो: ज्याच्या नोंदीवर स्वतःचा मोबाइलच नाही, त्याला आपल्या नावावर काय चालले आहे हे कळणार कसे? त्याच अहवालात यंत्रणेत आधी मृत दाखवलेल्या ३,४४६ रुग्णांच्या उपचारांपोटी ६ कोटी ९७ लाख रुपये दिले गेल्याचे नमूद आहे. काही ठिकाणी नोंदीची साधी चूक असेल. सगळीकडे नसेल.

गावोगावी भरणाऱ्या मोफत तपासणी शिबिरांत बहुतेक मंडळी खरोखर सेवा करतात. पण रक्तदाब मोजायला किंवा साखर तपासायला अंगठ्याचा ठसा लागत नाही, हे आजी-आजोबांना कोणीतरी सांगितले पाहिजे. आधारशी जोडलेल्या खात्यातून छोट्या यंत्रावर ठसा देऊन पैसे काढता येतात. त्याला ओटीपी लागत नाही, पिनही लागत नाही. बँक नसलेल्या गावासाठी ही सोय मोलाची आहे, म्हणून तर तिचा गैरवापर सोपा जातो. ‘ठसा नीट उमटला नाही, पुन्हा लावा’ हे वाक्य ऐकले की थांबावे. दुसरा ठसा कशासाठी, हे विचारावे. काही राज्यांत दस्तनोंदणीच्या कागदांवरून ठशांच्या प्रती बनवून पैसे काढल्याचेही तपासात उघड झाले आहे. यावर उपाय आधार प्राधिकरणाने दिलेला आहे: संकेतस्थळावरून किंवा त्यांच्या ॲपमधून बायोमेट्रिक बंद, म्हणजे लॉक करता येते आणि गरजेपुरते उघडता येते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी हे काम तरुणांनी एका दुपारी करून टाकावे. एवढे मात्र लक्षात ठेवावे की, लॉक असताना रेशन दुकानात ठसा लागणार नाही.

शहरातल्या माणसाला वेगळा सापळा असतो. मोठ्या डॉक्टरांची वेळ हवी असते, इंटरनेटवर रुग्णालयाचा क्रमांक शोधला जातो, आणि वर दिसणारा क्रमांक रुग्णालयाचा नसतोच. पलीकडचा आवाज अदबशीर असतो. ‘पाच रुपये टोकन भरा, फाइल पाठवतो, ती इन्स्टॉल करा.’ त्या फाइलमधून फोनवरचे सगळे मेसेज पलीकडे जाऊ लागतात आणि ओटीपी सांगायची गरजच उरत नाही. आजारी माणसाच्या घरात कोणी शांत डोक्याने विचार करत नाही, हे फसवणाऱ्याला पक्के ठाऊक असते. रुग्णालयाचा क्रमांक जुन्या केसपेपरवरून घ्यावा. तो नसेल, तर माणूस पाठवावा. अपॉइंटमेंटसाठी कोणतेही ॲप कोणाच्या लिंकवरून उतरवू नये. पैसे गेलेच, तर रडत बसण्याआधी १९३० ला फोन करावा. चोरीचे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात आणि पहिल्या काही तासांत तक्रार आली, तर ते वाटेत अडवता येण्याची शक्यता बरीच असते.

आधारच्या झेरॉक्सचा विषय निघाला की सगळे हसतात, कारण प्राधिकरणानेच यात गोंधळ घातला होता. मे २०२२ मध्ये त्यांच्या बंगळुरू कार्यालयाने ‘झेरॉक्स कोणालाही देऊ नका’ असे पत्रक काढले आणि दोन दिवसांत ते मागे घेतले गेले. शहाणपण मधे कुठेतरी आहे. रुग्णालयात ओळखपत्र द्यावेच लागते. फक्त शेवटचे चार आकडे दिसतील असे मास्क्ड आधार संकेतस्थळावरून काढता येते. चालेल तिथे ते द्यावे. पूर्ण झेरॉक्स द्यायचीच वेळ आली, तर तिच्यावर आडवे लिहावे: अमुक रुग्णालयात दाखल होण्यासाठी, तारीख, सही. खाली उरलेल्या दोन जादा प्रती झेरॉक्सवाल्याच्या टेबलावर सोडून येऊ नयेत. हे करायला दहा सेकंद लागतात आणि जवळजवळ कोणीच ते करत नाही.

आपल्या नावावर काय चालले आहे, हे पाहण्याच्या वाटाही आहेत. गेल्या सहा महिन्यांत आधार कुठे कुठे वापरले गेले, हे प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर दिसते. ज्यांनी ‘आभा’ हा चौदा आकडी आरोग्य क्रमांक काढला आहे, त्यांनी ॲपमध्ये जाऊन कोणत्या रुग्णालयाच्या नोंदी त्याला जोडल्या आहेत ते पाहावे. कधी दाखल न झालेल्या रुग्णालयाचे नाव दिसले, किंवा न झालेल्या उपचारांचा मेसेज आला, तर तो चुकून आला असेल म्हणून पुसून टाकू नये. फुले योजनेची तक्रार १५५३८८ वर करता येते, आयुष्मानची १४५५५ वर. उपचारांच्या कागदांची प्रत मागण्याचा हक्क रुग्णाला आहे, आणि मागणीनंतर ७२ तासांत ती देणे डॉक्टरांच्या आचारसंहितेनुसार बंधनकारक आहे. डिस्चार्ज कार्ड हातात पडले की बिल तपासतो तितक्याच बारकाईने नाव, वय, रक्तगट आणि झालेली शस्त्रक्रिया वाचून घ्यावी. इंग्रजी येत नसेल, तर वॉर्डातल्या सिस्टरकडून वाचून घ्यावी. रुग्णालयातून बाहेर पडण्याआधी झालेली दुरुस्ती एका सहीची असते. दोन वर्षांनी तीच दुरुस्ती अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि चार हेलपाट्यांची होते.

मग कार्ड नसलेल्या भावाने काय करायचे? कार्ड देऊ नका एवढेच सांगणाऱ्या आरोग्यशिक्षणाला काही अर्थ नाही, कारण पोट दुखणारा माणूस समोर असतो. तातडीचा रुग्ण कागदांसाठी थांबवायचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितले आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसह उपचार निःशुल्क आहेत. तिथे उपचारांसाठी योजनेचे कार्ड ही अट नाही. मोठ्या सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक नावाचे पद असते. नाव चढवायचे राहिलेले, कागद हरवलेले, पैसे नसलेले, अशांसाठी मार्ग काढणे हेच त्यांचे काम. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी राखीव असतात. हे सगळे सुरळीत चालते असे म्हणणे धाडसाचे होईल. खिडकीवरचा माणूस कधी खेकसतो, कधी साहेब जागेवर नसतात. तरीही त्या धाकट्या भावाला तीन वर्षांपूर्वी सरकारी रुग्णालयात स्वतःच्या नावाने शस्त्रक्रिया करून घेता आली असती. त्याला ते कोणी सांगितले नव्हते.

थोरल्याच्या पित्ताशयात पू झाला होता. आधी प्रतिजैविके द्यावी लागली आणि मग शस्त्रक्रिया झाली. दुर्बिणीतून जमले नाही, पोट उघडावे लागले. एरवी दोन-तीन दिवसांत घरी गेला असता, तो सतरा दिवस वॉर्डात राहिला आणि सोयाबीनची काढणी शेजाऱ्यांनी केली. योजनेतून या शस्त्रक्रियेची मंजुरी मागण्यात अर्थ नव्हता. एका माणसाला पित्ताशय एकच असते, एवढे योजनेच्या संगणकालाही समजते. सरकारी रुग्णालय असल्यामुळे पैशावाचून अडले नाही.

सर्जननी सोनोग्राफीची नोंद, पोटावर जुना व्रण नसल्याची नोंद आणि पत्नीने सांगितलेली हकिकत केसपेपरवर लिहिली, खाली तारीख घातली, आणि नव्या डिस्चार्ज कार्डावर जुन्या नोंदीबद्दल एक ओळ टाकली. थोरल्याची फाइल आता बरोबर आहे.

धाकटा भाऊ भेटायला आला होता. त्याच्या पोटावर चार छोटे व्रण आहेत. त्याच्या नावाचा एकही कागद पित्ताशय काढल्याचे सांगत नाही. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना हे तोंडाने सांगायचे, एवढे सिस्टरने त्याला बजावून सांगितले, आणि त्याच्या बायकोलाही.